वैवाहिक सहवासाची तीन वर्षे : अमेरिकी नागरिकत्वाच्या एका कलमावर भाष्य

अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी अ‍ॅक्टमधले कलम ३१९(अ) म्हणजे एकच लांबलचक वाक्य आहे. नागरिकाशी लग्न झालेले असले तर पाच वर्षांऐवजी तीन वर्षांत नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, हे त्याचे सार एडिसनपासून फ्रीमाँटपर्यंतच्या मराठी घरांत बहुतेकांना ठाऊक असते. संसार सुरळीत चालला असेल तर तेवढे पुरते. तो मोडू लागला की त्या वाक्यातले एकेक पद अंगावर येते. त्याच सुमारास आणखी एक कागद आडवा येतो, ज्याचा नागरिकत्वाशी काही संबंध असेल असे कोणाच्या मनातही आलेले नसते : दरवर्षी एप्रिलपर्यंत भरायचा १०४० क्रमांकाचा कर-विवरणाचा अर्ज. त्याच्या पहिल्याच पानावर, वरच्या भागात विचारलेले असते की तुम्ही विवाहित म्हणून भरता की एकटे म्हणून.

हे दोन कागद शेजारी ठेवून वाचावेत, एवढेच या भाष्याचे प्रयोजन. नागरिकत्वाच्या अर्जाचा अधिकारी ते तसेच वाचतो. पुढे मूळ वाक्य पदापदाने घेतले आहे. मराठी रूप माझे आणि आशयापुरते आहे. वकिली कामाला इंग्रजी मूळच धरावे.

मूळ : «जिचा किंवा ज्याचा जोडीदार अमेरिकेचा नागरिक आहे अशी कोणतीही व्यक्ती…»

या पदातले क्रियापद वर्तमानकाळी आहे आणि सगळा भार त्याच्यावर आहे. जोडीदार नागरिक ‘आहे’ असे म्हणता आले पाहिजे. कधीपर्यंत, ते कायद्याखालच्या नियमांनी, म्हणजे नियम ३१९.१ ने, सांगितले आहे. अर्ज करण्याआधी असो वा नंतर, घटस्फोटाने किंवा मृत्यूने विवाह संपला की या कलमाखालचा हक्क संपतो. नागरिकत्वाची शपथ होईपर्यंत ही टांगती तलवार असते. मुलाखत उत्तम झाली, शपथविधीची तारीख हातात आली आणि मधल्या आठवड्यात न्यायालयाचा हुकूमनामा निघाला, तर या कलमाखालची वाट तिथेच बंद. शपथेआधी दुसऱ्या एखाद्या नागरिकाशी लग्न केले तरी गेलेला हक्क परत येत नाही, असेही नियमात स्वच्छ लिहिले आहे. मृत्यूला घटस्फोटाच्या पंक्तीला बसवणे मला निष्ठुर वाटते; सैन्यसेवेत मरण आलेल्या नागरिकाच्या जोडीदारासाठी वेगळी तरतूद आहे, पण बाकीच्या विधवा-विधुरांना पाच वर्षांच्या रांगेतच जावे लागते.

इथे शंका अशी : ग्रीन कार्ड लग्नामुळे नव्हे, नोकरीतून मिळाले असेल तर? उत्तर : चालते. कार्ड कोणत्या वाटेने आले ते हे पद विचारत नाही. उलट शंका : कार्ड लग्नामुळे मिळाले आणि पुढे घटस्फोट झाला, तर कार्ड जाते का? निव्वळ घटस्फोटामुळे जात नाही. बंद होते ते तीन वर्षांचे दार. कलम ३१६ चे पाच वर्षांचे दार उघडे राहते आणि त्याला जोडीदार लागतच नाही. कार्ड मिळाले तेव्हा लग्नाला दोन वर्षेही झाली नसतील, तर मात्र ते सशर्त असते. ती शर्त दोघांनी मिळून, आय-७५१ अर्ज भरून उतरवायची असते. घटस्फोट झाल्यावर एकट्यानेही तो अर्ज करता येतो, फक्त लग्न प्रामाणिकपणे केले होते हे पुराव्यानिशी दाखवावे लागते. मोडलेले लग्न आणि खोटे लग्न या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या ठेवल्या आहेत. घाबरलेल्या माणसाला आधी हे सांगावे, बाकीचे मागून.

विवाहावर नागरिकत्व टांगण्याची रीत इथे जुनी आहे. १८५५ च्या कायद्याने अमेरिकी पुरुषाशी लग्न करणारी परदेशी स्त्री आपोआप नागरिक होई. १९०७ च्या कायद्याने परदेशी पुरुषाशी लग्न करणारी अमेरिकी स्त्री आपले नागरिकत्व गमावी. १९२२ च्या केबल कायद्याने ही गाठ बरीचशी सोडवली आणि नागरिकाच्या बायकोला स्वतंत्र अर्ज, पण कमी वर्षांची अट, अशी सोय केली. आजच्या तीन वर्षांचे मूळ तिथे आहे. त्याच कायद्यात एक काटा ठेवला होता : नागरिकत्वाला अपात्र ठरलेल्या परक्याशी लग्न करणाऱ्या स्त्रीचे नागरिकत्व जाईच. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना अपात्र ठरवले आणि हा काटा भारतीयांच्या अमेरिकी बायकांना टोचला. क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या पत्नी मेरी यांचे नागरिकत्व असेच गेले. भारतीयांना हे दार १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने उघडले.

‘जोडीदार’ कोण, हा प्रश्न मराठी अर्जदाराला दोन टोकांनी छळतो. पहिले टोक आजच्या लग्नाचे. भारतातला एखादा विवाह न्यू जर्सीच्या न्यायालयात एकतर्फी मोडला, तर तो हुकूमनामा भारतात मान्य होईलच असे नाही. १९९१ च्या नरसिंह राव निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या अटी घालून दिल्या आहेत. मग तोच माणूस ट्रेंटनमध्ये घटस्फोटित आणि पुण्यात विवाहित, असे घडू शकते. पण यूएससीआयएस, म्हणजे नागरिकत्व देणारे खाते, पुण्याच्या मतासाठी थांबत नाही. न्यू जर्सीचा हुकूमनामा तिथल्या कायद्याने वैध असला की त्याच्या लेखी जोडीदार संपला. दुसरे टोक आधीच्या लग्नाचे. गावी पंचांसमोर काडीमोड झाली आणि नंतर अमेरिकी नागरिकाशी दुसरे लग्न झाले, तर हिंदू विवाह कायद्याचे कलम २९(२) रूढीने झालेला घटस्फोट मानते खरे, पण ती रूढी त्या समाजात चालत आलेली आहे हे सिद्ध करण्याचे ओझे अर्जदारावर पडते. ते पेलले नाही तर दुसरे लग्नच पोकळ ठरते आणि त्यावर उभे असलेले ग्रीन कार्डही डळमळते. तिथे प्रश्न तीन की पाच वर्षांचा राहत नाही.

मूळ : «…किंवा नागरिक जोडीदाराने ज्या व्यक्तीला मारहाण केली वा अतोनात छळले…»

ही भर २००० सालची. ज्या छळलेल्या व्यक्तीचे कार्ड त्या नात्यातूनच मिळालेले आहे, तिला सहवासाची अट माफ आहे आणि घटस्फोट झाला तरी तीन वर्षांची वाट बंद होत नाही. मार खात तीन वर्षे एकत्र राहा म्हणजे नागरिकत्व देऊ, असा पूर्वीच्या वाचनाचा अर्थ होत असे. तो काढून टाकला. कार्ड नोकरीतून मिळालेल्या बाईला मात्र या शब्दांचा उपयोग होत नाही. ही उणीव आहे असे मला वाटते.

मूळ : «…अर्जाच्या तारखेच्या लगेच आधी किमान तीन वर्षे अखंड वास्तव्य…»

अर्ज नव्वद दिवस आधी करता येतो. ही सूट वास्तव्याच्या मुदतीची. सहवासाच्या तीन वर्षांना ती लागू धरू नये. लग्नाला दोन वर्षे दहा महिने झालेले असताना अर्ज टाकणारे याच खड्ड्यात पडतात.

मूळ : «…आणि त्या तीन वर्षांत नागरिक जोडीदारासह वैवाहिक सहवासात राहत असलेली…»

सगळे भाष्य खरे तर या पदासाठी आहे. नियम म्हणतो, अर्जदार जोडीदाराबरोबर प्रत्यक्ष राहत असेल तर तो वैवाहिक सहवास. सिद्ध करायचे अर्जदाराने. १९९६ मध्ये पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने मोझेस खटल्यात हाच अर्थ घेतला : कागदावर लग्न टिकून असणे पुरेसे नाही, एकत्र राहणे हवे. तीन वर्षे कधी मोजायची याबद्दल मात्र कायदा आणि नियम यांचे सूर जुळत नाहीत. कलम अर्जाच्या तारखेआधीची तीन वर्षे म्हणते, नियमाच्या मजकुरात मुलाखतीच्या तारखेआधीची आहेत. सावध माणसाने दोन्हीकडून मोजून पाहावे.

विलगतेचे नियमाने तीन भाग केले आहेत. न्यायालयाच्या हुकमाने वेगळे राहणे सुरू झाले की सहवास तुटला, तिथे चर्चा नाही. आपसात वेगळे राहणे असेल, तर प्रत्येक प्रकरण त्याच्या गुणदोषांवर तपासायचे. आणि नोकरीची निकड, सैन्यसेवा अशा हाताबाहेरच्या कारणाने दोघे दोन ठिकाणी असतील, तर सहवास अखंड मानायचा. एकाच घरात दोन खोल्यांत अबोला धरून राहणारे जोडपे मधल्या प्रकारात येते. भारतात असे संसार वीस-वीस वर्षे चालतात. अमेरिकी अधिकाऱ्याला ते समजावून सांगणे सोपे नाही.

आता दुसरा कागद. १०४० अर्जावर पाच पर्याय असतात : एकटा, विवाहित आणि एकत्र विवरण, विवाहित आणि वेगळे विवरण, हेड ऑफ हाउसहोल्ड, आणि मुले पदरी असलेला विधुर किंवा विधवा. भारतात नवरा-बायको आपापल्या पॅनवर आपापले विवरण भरतात, त्यामुळे नव्याने आलेल्यांना ही चौकट निव्वळ हिशेबाची सोय वाटते. वास्तविक प्रत्येक पर्याय म्हणजे एक विधान आहे, आणि त्याखाली खोटे असल्यास शिक्षा पत्करून केलेली सही आहे.

कोण विवाहित, हे करखाते ३१ डिसेंबरला ठरवते. ३० डिसेंबरला घटस्फोट झाला तर सबंध वर्ष अविवाहित. २ जानेवारीला झाला तर मागचे सबंध वर्ष विवाहित. नागरिकत्वाचे खाते दिवस मोजते, करखाते वर्षाचा शेवटचा दिवस पाहते. त्यामुळे फेब्रुवारीत घटस्फोटित झालेली बाई एप्रिलमध्ये मागच्या वर्षाचे एकत्र विवरण भरते, यात खोटे काही नाही. कॅलिफोर्नियात नोटीस बजावल्यापासून सहा महिने गेल्याशिवाय घटस्फोट पक्का होत नाही. सप्टेंबरात दावा लावणारी जोडपी म्हणूनच डिसेंबरअखेरही विवाहितच असतात, त्यांना ‘एकटा’ या चौकटीत खूण करता येत नाही.

आपल्या मंडळींत एक सल्ला सर्रास दिला जातो : नागरिकत्वापर्यंत जॉइंटच भरा. हा सल्ला अर्धाच खरा आहे. एकत्र विवरण भरायला विवाह असावा लागतो, एकत्र राहणे लागत नाही. दोघे वर्षभर दोन गावांत वेगळे राहिले तरी ३१ डिसेंबरला विवाहित असतील तर ते एकत्र भरू शकतात. म्हणून नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जासोबत तीन वर्षांची एकत्र विवरणे जोडली की सहवास सिद्ध झाला, असे होत नाही; घराचा करार, बँकेचे खाते, विम्याचे कागद मागितले जातात ते त्यासाठीच. शिवाय एकत्र सही म्हणजे संपूर्ण करदायित्व दोघांवर. बिघडलेल्या संसारात केवळ अर्जाच्या शोभेसाठी नवऱ्याच्या धंद्याच्या हिशेबावर डोळे मिटून सही करणारी बायको पुढे त्याच्या थकबाकीलाही जबाबदार धरली जाऊ शकते.

वेगळे विवरण भरणे हाही गुन्हा नाही. कोणाला शैक्षणिक कर्जाचा हप्ता आपल्या एकट्याच्या पगारावर ठरवून हवा असतो, कोणाला जोडीदाराच्या जुन्या देण्यांत अडकायचे नसते. अधिकारी कारण विचारतो, कारण सांगावे. गंमत म्हणजे कॅलिफोर्निया, टेक्सस, वॉशिंग्टन अशा राज्यांत वेगळे भरले तरी लग्नानंतरची कमाई सामान्यतः निम्मी-निम्मी वाटून दाखवावी लागते. मूळच्या गोवेकराला याचे नवल वाटू नये. पोर्तुगीज नागरी संहितेखाली येणाऱ्या जोडप्यांसाठी आपल्या १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ५अ मध्ये अशीच निम्मी वाटणी होती.

खरी पंचाईत चौथ्या चौकटीत आहे. हेड ऑफ हाउसहोल्डला वजावट जास्त मिळते : २०२४ साठी २१,९०० डॉलर, तर वेगळे विवरण भरणाऱ्याला १४,६००. पण विवाहित माणसाला ही चौकट घ्यायची तर मूल घरात हवे, घरखर्च निम्म्याहून जास्त स्वतः केलेला हवा, आणि वर्षाच्या शेवटच्या सहा महिन्यांत जोडीदार त्या घरात राहिलेला नसावा. म्हणजे खूण एका चौकटीत, पण विधान असे, की १ जुलै ते ३१ डिसेंबर आम्ही एकत्र राहत नव्हतो.

एक जोडपे कल्पू. नवरा नागरिक, नोकरीसाठी आठ महिने सिएटलला. बायको मुलासह न्यू जर्सीत. भांडण कसलेच नाही. टॅक्सवाल्याने पैसे वाचतील म्हणून तिच्या विवरणावर हेड ऑफ हाउसहोल्डच्या चौकटीत खूण केली आणि तिने पाहिलेही नाही. दोन वर्षांनी ती एन-४०० भरते आणि सोबत आयआरएसकडून, म्हणजे करखात्याकडून, मोफत मिळणारी विवरणाची ट्रान्सक्रिप्ट जोडते. त्या कागदावर वरच्या भागातच फायलिंग स्टेटस छापलेले असते. अधिकारी विचारतो, त्या सहा महिन्यांत नवरा तुमच्या घरात राहत होता की नव्हता? नव्हता म्हटले तर सहवास धोक्यात. होता म्हटले तर विवरण खोटे. इकडे आड, तिकडे विहीर. गंमत अशी की करकायद्याप्रमाणेही ती चौकट चूकच होती, कारण नोकरीसाठी तात्पुरते बाहेर असलेला आणि परत येणारा माणूस घरातच राहतो असे करखाते धरते. म्हणजे नागरिकत्वाचा नियम आणि कराचा नियम या जोडप्याला एकच उत्तर देत होते. चुकीचे उत्तर फक्त टॅक्सवाल्याचे होते, पण सही तिची. १०४०-एक्स भरून ते दुरुस्त करता येते. वेगळ्यावरून एकत्रकडे जायला साधारणपणे मूळ मुदतीपासून तीन वर्षे असतात, एकत्रवरून वेगळ्याकडे मात्र मुदत उलटली की जाता येत नाही. दुरुस्ती एन-४०० टाकण्याआधी, फरकाची रक्कम व्याजासह भरून करावी आणि दोन्ही कागद बरोबर न्यावेत. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात केलेली दुरुस्ती संशयच वाढवते.

याची उलटी बाजूही आहे. जोडपे खरोखरच वेगळे राहत असेल, बायकोने प्रामाणिकपणे हेड ऑफ हाउसहोल्ड भरले असेल, तर ते विवरण बदलू नये. तिचे विवरण खरे आहे. तिने तीन वर्षांच्या दारातून अर्ज करणे हे मात्र खोटे ठरेल.

मूळ : «…जो जोडीदार त्या सर्व काळात नागरिक होता…»

नवरा-बायकोला ग्रीन कार्ड एकाच दिवशी मिळाले आणि नवरा पाच वर्षांनी नागरिक झाला, तर बायकोची तीन वर्षे नवऱ्याच्या शपथेपासून मोजायची. तोवर तिची स्वतःची पाच कधीच भरलेली असतात. नोकरीच्या वाटेने आलेल्या बहुतेक मराठी जोडप्यांना म्हणूनच हे कलम लागतच नाही, आणि घटस्फोटाची धास्ती बाळगायचे कारणही नसते.

मूळ : «…आणि एकूण निम्मा काळ प्रत्यक्ष देशात हजर असलेली…»

निम्मा म्हणजे दीड वर्ष. हिशेब पासपोर्टवरून लागतो. पण वास्तव्याला तडा जाण्याची आणखी एक जागा विवरणात आहे. घटस्फोटानंतर आई-वडिलांकडे नाशिकला काही महिने जाऊन राहिलेल्या माणसाने ‘मी तर इथे नव्हतो’ म्हणून अनिवासी परक्याचे विवरण, १०४०-एनआर, भरले, तर नियम ३१६.५ प्रमाणे त्याने कायम रहिवाशाचा दर्जा सोडला असे गृहीत धरले जाते. ते खोडून काढणे त्याच्या माथी. ग्रीन कार्डवाल्याने जगभरचे उत्पन्न दाखवायचे असते, नाशिकच्या फ्लॅटचे भाडे आणि बँकेतल्या ठेवीचे व्याज धरून.

मूळ : «…या प्रकरणातील इतर सर्व अटी पाळून नागरिक होऊ शकेल.»

मूळ वाक्यात हे पद आधी येते. त्यात सदाचाराची अट दडलेली आहे म्हणून मी ते मागे ठेवले. व्यभिचार हा नागरिकत्वाला कायद्यातच लिहिलेला अडसर होता. १९८१ मध्ये तो काढला. नियमात त्याचा अवशेष उरला आहे : चालू असलेला संसार मोडायला कारण झालेले विवाहबाह्य संबंध अजूनही सदाचाराविरुद्ध धरता येतात. घटस्फोटाच्या कागदांत वकिलाने काय आरोप लिहिले आणि आपण काय कबूल केले, ते म्हणूनच अर्जाआधी वाचून ठेवावे. मुलांचा किंवा जोडीदाराचा पोटगीचा पैसा जाणूनबुजून थकवणेही त्याच यादीत आहे, आणि प्रत्यक्षात हेच जास्त अडते. कर थकलेला असेल तर आयआरएसशी हप्त्यांचा करार करून त्याचे पत्र आणि भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या न्याव्यात. थकबाकी आहे म्हणून अर्ज आपोआप फेटाळला जात नाही, ती लपवली तर मात्र उत्तर खोटे ठरते.

खोट्या उत्तराचे पुढे काय होते, ते २०१७ च्या मास्लेन्याक निकालात पाहावे. अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय म्हणाले, नागरिकत्व काढून घ्यायचे तर खोटे बोलण्याने ते मिळण्यात काही भूमिका बजावलेली असली पाहिजे. किरकोळ थापेवर ते जाणार नाही. तीन वर्षांच्या दारातून आलेल्या माणसाने सहवासाबद्दल बोललेले खोटे किरकोळ कसे ठरणार? सहवास हीच तर त्या दाराची किल्ली. मोझेस खटल्यातला माणूस त्यापायीच दोषी ठरला.

मुलाखतीनंतर शपथविधीच्या बोलावण्यासोबत एन-४४५ नावाचा कागद येतो. तो शपथेच्या दिवशी भरून परत द्यायचा असतो, आणि त्यातला पहिला प्रश्न असा, की मुलाखतीनंतर तुमचे लग्न, वैधव्य, विलगता किंवा घटस्फोट झाला आहे का. ‘हो’ असेल तर ‘हो’ लिहावे. अर्ज करतेवेळी पाच वर्षेही भरलेली असतील, तर कलम ३१६ खाली विचार करा अशी विनंती तिथेच, हुकूमनाम्याच्या प्रतीसह करावी. भरलेली नसतील, तर ती भरायच्या नव्वद दिवस आधी नवे शुल्क देऊन नवा अर्ज टाकावा, आणि घटस्फोट झाला त्या वर्षीचे विवरण ‘एकटा’ म्हणून भरावे.